टेन्शनरचा एक नट

आमची गाडी फ्रेंच कंपनीची, डिझेलवर चालणारी. वडिलांनी निवृत्त झाल्यावर जुनीच घेतली आणि तीन वर्षांत ते गेले. पुढं जवळचं सर्व्हिस सेंटर बंद झालं. परभणीतले मेकॅनिक बॉनेट उघडायचे, आत बघायचे आणि सांगायचे, मॅडम, विकून टाका. मी शाळेत गणित शिकवते. गाडी विकली नाही, काम शिकून घेतलं. व्हिडिओ पाहिले, पार्ट कुरिअरनं मागवले, कामांच्या याद्या केल्या. ऑइल, फिल्टर, ब्रेकचे पॅड. झालेल्या कामावर खूण, राहिलेल्याखाली रेघ.

हे सगळं आईसाठी. तिचे गुडघे गेलेत. एसटीची पायरी तिला चढवत नाही, जीपमध्ये तर विचारायलाच नको. या गाडीचं पुढचं सीट बरोबर तिच्या उंचीचं आहे. ती टेकते, मी तिचे पाय उचलून आत ठेवते. महिन्यातून एकदा आम्ही चारठाण्याला मावशीकडे जायचो. दोघी ऐंशीच्या घरातल्या, दोघींनाही कमी ऐकू येतं. दुपारभर हातात हात घेऊन बसायच्या, त्यात बोलणं थोडंच असायचं.

गेल्या नवरात्रात टायमिंग बेल्ट बदलायला आला. हा पट्टा इंजिनाचे वरचे आणि खालचे भाग एका चालीत ठेवतो. तो घसरला की वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन जातं. अष्टमीला सुट्टी होती. दिवसभर खपून नवा पट्टा बसवला. अंधार पडला म्हणून तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा नट नुसता हातानं फिरवून ठेवला. सकाळी मापाचा पाना लावून आवळायचा, दहा मिनिटांचं काम.

सकाळी उठले तर आईनं सगळे पाने देवापुढं मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. खंडेनवमी होती. मी म्हटलं, एक पाना दे, लगेच परत ठेवते.

"आज हत्यारं उचलायची नस्तेत, माय. उद्या गाडीची पूजा झाली की उचल. एका दिवसानं काय बिघडायलंय?"

मी ऐकलं. बॅटरीची वायर काढून ठेवली. 'चालू करू नये' असा कागद स्टिअरिंगला चिकटवला. आईनं पूजेसाठी किल्ली मागितली, तीही दिली. त्या रात्री पुण्याहून दादा आला. पट्ट्याचं काम अर्धं राहिलंय, हे त्याला जेवताना सांगितलं. त्यानं मान हलवली. नजर फोनमध्ये होती.

दसऱ्याला सकाळी आईनं मला झेंडूच्या फुलांना पाठवलं. नारळ फोडणं आणि चाकाखालच्या लिंबावरून गाडी काढणं दादाकडे. वडिलांच्या जागी तो, असं तिनं आधीच ठरवलेलं. वर्षभर गाडीखाली मी झोपते, हे मनात आलं. पिशवी घेऊन निघाले. फुलं आणायला अर्धा तास लागला.

परत आले तेव्हा लिंबू चिरडलेलं होतं, गाडी त्याच्या दोन हात पुढं उभी होती आणि दादा पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत होता. आतून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येत होता. त्याला थांब म्हणेपर्यंत त्यानं आणखी दोनदा फिरवली.

"बॅटरीची वायर निघाली होती, मीच बसवली," तो म्हणाला. "आमच्या मेकॅनिक बाईंना एवढंही दिसलं नाही?"

मी कागदाचं विचारलं. तो त्यानं हार घालताना काढला होता, फोटोत बरा दिसला नसता म्हणून.

पूजा झालीच होती. मी देवापुढचा पाना उचलला, कव्हर उघडलं. पट्टा कितीतरी दात सरकला होता. दोन दिवसांनी इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उतरवलं, आठही वॉल्व्ह वाकलेले. तोवर दादा पुण्याला परतला होता. फोनवर म्हणाला, "जुन्या गाडीला किती दिवस कवटाळून बसणार? भंगारात दे. आईला टॅक्सी करून देत जा." टॅक्सीवाले आणतात त्या गाड्यांची सीटं खोल असतात, आईला त्यातून उठता येत नाही. एकदा करून पाहिलं. चारठाण्याच्या निम्म्या रस्त्यातून, झरीच्या पुढून, तिला कळवळत परत आणली.

आता दोघी फोनवर बोलतात, म्हणजे ओरडतात. परवा मी स्वयंपाकघरात होते, बाहेर आईजवळ शेजारीण बसली होती, दारातून दोघी दिसत होत्या. मावशीनं विचारलं असावं की गाडीला काय झालं. आईनं दादाचं नाव घेतलं नाही.

"हिनंच खोलून ठेवली होती," आई मोठ्यानं म्हणाली.

मी बाहेर गेले नाही. तिचं बोलणं खोटं नव्हतंच. पलीकडून मावशी पुन्हा पुन्हा तेच विचारत होती, तू कधी यायलीस, तू कधी यायलीस. आईनं ऐकू न आल्यासारखं केलं आणि फोन आत माझ्याकडे नेऊन दे म्हणून शेजारणीला खूण केली.