जेवणाआधीची गोळी

"पोटाचं मी बघतो, तुम्ही गुडघ्याचं बघा!" आमचे शेजारी, शिंपीमामा, डॉक्टरांनाच असं सुनवायचे. आमच्या नजरबाद मोहल्ल्यात घराच्याच पुढच्या खोलीत त्यांची शिलाई चाले. त्यांचे आजोबा कापडं रंगवायचे, मामा ती शिवायचे.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. दुसऱ्याच्या ब्लाउजची बाही जराशी चुकली तरी उसवणार, स्वतःच्या देहाला मात्र "चालतंय की".

डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या होत्या. एक गुडघेदुखीची, भरल्या पोटी घ्यायची. दुसरी जेवणाआधीची, पहिलीमुळे पोटाच्या अस्तराला जखम होऊ नये म्हणून. अस्तर म्हटल्यावर मामा खूश! दोन्ही गोळ्या नेमाने घेऊ लागले.

मग नवरात्र आलं. घरात घट बसले, मामांचे कडक उपास सुरू झाले आणि दसऱ्याची शिलाई उरावर आली. पेडल मारून गुडघा टम्म सुजला. दुखण्याची गोळी ते नुसत्या कॉफीबरोबर घेऊ लागले, तीही दिवसातून तीन-तीनदा.

"अहो मामा, आणि ती दुसरी?"

"अय्यो, ती जेवणाआधीची गं. जेवणच नाही, तर ती कशाला? सुम्ने काळजी करतेस."

सुम्ने म्हणजे कानडीत उगीच. माझी काळजी त्यांना कायम सुम्नेच वाटायची.

दोन दिवसांनी स्वतःच हसत म्हणाले, "शौचाला डांबरासारखं काळं होतंय. रंगाऱ्याचा वंश ना, पोटातही रंग चढतोय!" मला ते हसणं अजिबात आवडलं नाही. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला," मी ओरडलेच.

"घट उठू दे, मग जाऊ."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले, तर मामा मशीनवर डोकं टेकून बसलेले. कपाळावर घाम. सुईखाली माझा पांढरा ब्लाउज, त्यावर तपकिरी, रवाळ डाग.

"कॉफी सांडली गं," ते पुटपुटले. "धुऊन देतो."

मामी आतून हात पुसत आल्या. डागाकडे बघत राहिल्या.

"कॉफी कुठली?" त्या म्हणाल्या. "पोटात जळजळतंय म्हणालात, म्हणून आज मी कॉफी केलीच नाही."

रिक्षात मामांचा हात बर्फासारखा गार होता. डॉक्टर म्हणाले, पोटाच्या अस्तराला जखम होऊन रक्त वाहत होतं; ब्लाउजवर उलटून पडलं ते तेच. घट उठले, तेव्हा मामा नव्हते.

ब्लाउज मामींनी धुऊन दिला. एक बाही लावायची राहिलीय. तो तसाच आहे माझ्याकडे. दुसऱ्या कुणाला शिवायला द्यायचा धीरच होत नाही.