पागोळीची रेघ

तेगवेन प्रॉसरच्या पायाला जन्मतःच भिंगरी बांधलेली होती, असं तायवी नदीच्या त्या अंगाला सगळेच म्हणत. जेवता जेवता उठायची, चॅपलमध्ये प्रार्थना चालू असताना उठून खिडकी लावून यायची. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तिचा चेहरा हललेला आहे. नवरा एल्विन, दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेला, थंड डोक्याचा माणूस. तो म्हणायचा, "टँकर मी जन्मभर चालवला, पण मैल हिचेच जास्त झालेत."

गावात तेगवेन नावाच्या तिघी. एक शाळेतली, एक टेकडीवरची आणि ही पाण्याच्या जगवाली. दर रविवारी चॅपल सुटलं की ही घरी जाऊन निळ्या पट्ट्यांचा जग नळाखाली भरायची आणि रस्ता ओलांडून जुन्या चर्चच्या आवारात शिरायची. फाटकापासून खडीची एक पायवाट उत्तरेकडच्या बुटक्या भिंतीला लागून जाते. त्या वाटेनं लगबगीनं जाऊन ती भिंतीच्या बुडाशी पाणी ओतायची. तिथं तिनं प्रिमरोझची पिवळी फुलं लावली होती, त्यामुळे ती बागेला पाणी घालते असं लोक धरून चालत. ती भर पावसातही पाणी घालते हे पाहून लोक हसत, आणि आमच्याकडे पाऊस नसेल असे रविवार कितीसे?

चालण्यात धीर नसल्यामुळे निम्मं पाणी वाटेतच सांडायचं. "अर्धा जग चर्चला, अर्धा वाटेला," एल्विन चिडवायचा. तो असं चिडवायचा खरा, पण पाणी कुणासाठी जातं ते त्याला ठाऊक होतं. गावात ते ठाऊक असलेली ती दोनच माणसं.

तेगवेन सात-आठ वर्षांची असताना तिला एक बहीण झाली आणि त्याच दिवशी गेली. घरचे सगळे बॅप्टिस्ट. आमच्याकडे चर्चवाले वेगळे नि चॅपलवाले वेगळे, आणि चॅपलवाल्यांतही बॅप्टिस्टांचा हट्ट असा की पोराला समज आल्याशिवाय त्याला दीक्षेचं पाणी नाही. आजोबा चॅपलचे डीकन, म्हणजे कारभारी. वळचणीचं पाणी आढ्याला गेलं असतं, पण आजोबांचा शब्द फिरला नसता. ते म्हणाले, नाव नाही, प्रार्थना नाही, त्याची गरजच नाही, लेकरू देवाचंच आहे. शास्त्राप्रमाणे ते बरोबरच होतं. पण आईच्या छातीला दूध आलं होतं, तिला शास्त्र काय सांगणार?

शेवटी रात्री बापानं सफरचंदांच्या खोक्यात बाळ घातलं आणि ज्या चर्चची पायरी तो कधी चढला नव्हता, तिथल्या थडगी खणणाऱ्या म्हाताऱ्याला गाठलं. म्हाताऱ्याला जुनी रीत माहीत होती. ज्यांना पाणी मिळालं नाही अशी बाळं उत्तरेच्या बाजूला ठेवायची. तिकडं सैतानाचा वावर म्हणून माणसं पुरत नसत, नुसती खाजकुयली माजलेली. बाळ ठेवायचं ते भिंतीच्या पागोळीखाली. पाऊस चर्चच्या छपरावर पडला की पवित्र होतो आणि तिथून थेंब थेंब बाळाच्या डोक्यावर येतो. पाद्र्याला कळायची गरज नाही. बाप चिखलाच्या बुटांनी घरी आला आणि आईला एवढंच म्हणाला, "दान् अ बार्गोद." म्हणजे वळचणीखाली. त्यावर तो पुन्हा कधी बोलला नाही.

चार-पाच वर्षांतच चर्चचं छप्पर गळायला लागलं, डागडुजीला पैसा नव्हता, म्हणून लोक बसायचे तो सगळा लांब भाग पाडून टाकला. फक्त वेदीकडचं टोक छपरासकट ठेवलं, अंत्यविधींसाठी. दगड गावभर गेले. आमच्या गावातल्या एका डुकरांच्या गोठ्याला अजून टोकदार कमानीची खिडकी आहे आणि डुकरांना तिचं काही वाटत नाही. छपराच्या दगडी पाट्या खाली येत होत्या तेव्हा आई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. ती म्हणाली, "आता तिच्यावर पाणी कोण घालणार?"

पाडकाम संपून तिथं ती बुटकी भिंत उभी राहिली, त्या रविवारपासून जग सुरू झाला. जग धरायचं काम तेगवेनचं, ओतायचं आईचं. "सांडू नकोस गं, तिच्या वाटणीचं आहे ते," आई दर वेळी म्हणायची, आणि तेगवेनकडून दर वेळी सांडायचं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं घर, शेत, दागिने कशाचंच काही सांगितलं नाही. जग तेवढा पुढ्यात मागवून घेतला आणि म्हणाली, "थांबू नकोस."

आणि आता या वसंतात चर्च खणायला माणसं आली. प्रमुख होती नेस्ता प्यू, पलीकडच्या खोऱ्यातली, पन्नाशीची, गुडघ्यांना पट्टे बांधून दिवसभर मातीत बसणारी. तिनं गावच्या हॉलमध्ये सांगितलं की पाडलेला भाग मुळात किती जुना हे पाहायचंय आणि पहिला चर उत्तरेच्या भिंतीशी घ्यायचाय.

त्या आठवड्यात तेगवेन घरात टेकलीच नाही. बारा ब्रिथ नावाचा मनुकांचा गोड पाव भाजून न्यायची, चहाचा थर्मास न्यायची, थर्मास परत आणायला जायची, बूच विसरलं म्हणून पुन्हा जायची.

"तू त्यांना खाऊ घालून मारणार आहेस," एल्विन म्हणाला. "सांगून टाक ना एकदाचं."

"आणि त्यांनी तिला उचलून खोक्यात घालून शहरात नेलं म्हणजे?"

"न सांगितलंस तरी खणणारच आहेत की."

"तू गप्प बस. तुला काय, तुझी सगळी माणसं नाव लिहिलेल्या दगडाखाली आहेत."

प्रिमरोझ नेस्तानं स्वतः हळुवार हातानं उपटून कुंडीत लावली. मग चर खाली गेला, गुडघाभर, कमरेइतका. तेगवेन काठावर उभी राहून एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत होती. शेवटी नेस्तानं थापी खाली ठेवली.

"इथं काही नाही, आंटी तेगवेन. कोरी माती आहे. हिला कुणी कधी हातच लावलेला नाही."

"कुणीच? अगदी लहानसा खड्डासुद्धा?"

"उंदरानंही नाही."

तेगवेन घरी आली ती सरळ परसात गेली, परसातून गोठ्यात, गोठ्यातून रस्त्यावर. तिला आता बाळ उचलून नेतील याची भीती उरली नव्हती. त्याहून वाईट काहीतरी मनात शिरलं होतं. बाप खोटं बोलला. अंधारात म्हातारा भेटला नसेल, किंवा नाही म्हणाला असेल, आणि बापानं ते खोकं... नदी तर वाटेतच होती. चिखल नदीकाठचाही असू शकतो. एवढी वर्षं आई कोऱ्या मातीवर पाणी ओतत होती. तेगवेनला बापाचा राग आला आणि आपण मेलेल्या माणसाशी भांडतोय याचं रडू आलं. एल्विननं तिला कोपऱ्यावर गाठलं आणि हाताला धरून परत चर्चच्या आवारात नेलं. तिथं, चराच्या काठावर, तिनं नेस्ताला सगळं सांगितलं. खोकं, म्हातारा, वळचण, जग.

ऐकून झाल्यावर नेस्तानं विचारलं, "पाडायच्या आधी तुमच्या घरातलं कुणी या बाजूला आलं होतं कधी?"

"आम्ही चॅपलवाले. त्या रात्री बाप आला तेवढाच, एरवी आम्ही कशाला येतोय?"

"तरीच," नेस्ता म्हणाली. "अहो, ही चर्चची भिंतच नाही."

तिनं हात धरून दाखवलं. वेदीकडचं टोक अरुंद असतं आणि लोक बसायचा भाग रुंद. गावातल्या कुणाही चर्चवाल्यानं ते डोळे मिटून सांगितलं असतं, पण चॅपलवाल्यांना कोण सांगणार आणि ते कुणाला विचारणार? पाडणाऱ्यांनी जुनी भिंत मुळापासून काढली, आणि उरलेल्या दगडांची ही बुटकी भिंत नीटनेटकी दिसावी म्हणून वेदीच्या भिंतीच्या सरळ रेषेत रचली. खरी भिंत दोन हात बाहेर होती. तिची पागोळी त्याच्याही बाहेर.

"बाहेर म्हणजे कुठं?"

नेस्ता तिच्या पायांकडे पाहत होती. तेगवेन पायवाटेवर उभी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटेवरची खडी हातानं बाजूला केली. खाली पावसाच्या थेंबांनी कोरलेली एक उथळ पन्हळ निघाली, गोटे धुऊन धुऊन गुळगुळीत झालेले. पन्हळीच्या कडेनं लहान लहान खड्ड्यांचे काळसर ठसे होते, शेजारी शेजारी, पाळण्याएवढे. बहुतेक फार जुने. शेवटच्या ठशाच्या कोपऱ्यात तारेचे गंजलेले खिळे दिसत होते, फळांच्या खोक्याला असतात तसे.

"हिला उघडायचं नाही," नेस्ता म्हणाली. "कुणालाच उघडणार नाही. आखणी झाली की परत झाकतो."

म्हणजे बाप खरं बोलला होता. तेगवेन मान हलवत राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मग तिचा चेहरा उतरला.

"मी तिला तुडवत जात होते, एल्विन. आईसुद्धा. दर रविवारी. आणि पाणी पलीकडे."

एल्विन वाकून पन्हळीतल्या गोट्यांकडे पाहत होता. तो सावकाश म्हणाला, "पलीकडे गेलं ते आईनं ओतलेलं. तू जग नेताना निम्मं पाणी कुठं सांडायचीस?"

तेगवेन तिथंच कडेला खाली बसली, ओल्या गवतात, आणि बराच वेळ बसून राहिली. तिला असं बसलेलं एल्विननं पहिल्यांदाच पाहिलं.

खणणारी माणसं गेली, माती परत बसली, वर पुन्हा खडी आली. रविवारी चॅपल सुटल्यावर तेगवेननं जग काठोकाठ भरला, रस्ता ओलांडला आणि फाटकातून आत शिरताच मुद्दाम घाईघाईनं चालू लागली.