डॉक्टरीणबाईंचं ‘प्रॉबेबली’

सासरच्या माणसांत इंग्रजी मला एकटीला येतं, म्हणून दवाखान्यात प्रत्येकाबरोबर मीच जायचं. शाळेतून रजा घ्यायची, जैनथहून ऑटोने आदिलाबादला जायचं, रांगेत बसायचं आणि डॉक्टर बोलले की त्याचं मराठी करून द्यायचं. आता कंटाळा आला आहे, पण सांगणार कोणाला.

गेल्या आठवड्यात धाकट्या जावेला नेलं. तिच्या छातीत गाठ लागते. डॉक्टरीणबाई तेलुगू बोलणाऱ्या, माझं तेलुगू बाजारापुरतं, त्यामुळे इंग्रजीत बोलणं झालं. त्या म्हणाल्या, प्रॉबेबली साधीच गाठ आहे, पण दुसरं काही असूही शकतं. आज खात्रीने सांगता येत नाही. सुईने थोडा भाग काढून तपासू.

हेच मी सातवीच्या वर्गाला शिकवते. मे, माइट, पर्हॅप्स, प्रॉबेबली. मुलं रिकाम्या जागा भराभर भरतात.

बाहेर बाकावर जाऊ आणि दीर माझ्या तोंडाकडे बघत होते. आमच्याकडे आजारी माणसासमोर वाईट शक्यता उच्चारत नाहीत. आधी ‘काही नाही’ म्हणायचं, मग बाकीचं. सवयीने मीही तसंच सुरू केलं. काही नाही, बहुतेक साधी गाठ आहे, म्हटलं.

पुढचं ऐकायला कोणी थांबलंच नाही. दिरांनी पिशवी उचलली. एवढ्यासाठी दिवस गेला म्हणाले. कापूस वेचणीला आला होता, बाया सांगून ठेवल्या होत्या. जाऊ पदर सावरून निघालीसुद्धा. दोघांना परत बसवलं आणि सुईच्या तपासणीचं सांगितलं.

“काही नाही म्हनता, मंग सुई काऊन?” जावेने विचारलं.

खात्री नाही म्हणून, असं मी म्हटलं. दिरांना ते पटेना. डॉक्टरीणबाईंना समजत नसेल तर दुसरीकडे दाखवू, नाहीतर हो का नाही ते एकदाचं सांगा, असा त्यांचा हिशेब. आतून नर्स हाका मारत होती. मी दिरांना विचारलं, सोयाबीन पेरायच्या आधी तुम्ही दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवता, ते बियाणं खराब आहे म्हणून का?

“उगवते का नाही ते पाहाले,” दीर म्हणाले.

“मग हेही पाहायलाच.”

“ते नाही उगवलं तं दुकानात दुसरं भेटते, ताई,” जाऊ म्हणाली.

तिला सगळं समजलं होतं. दीर पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसले. मी तिच्या शेजारी टेकले.

“तुमाले काय वाटते? खरं सांगा,” ती म्हणाली.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. “साधी असेल. नसेलही. घरी जाऊन बसलो तर कधीच कळणार नाही.”

ती उठली. मग नर्सने सांगितलं होतं तशी गळ्यातली पोत काढली, माझ्या हातात दिली आणि आत गेली. दिरांनी मोबाइल काढून वेचणीच्या बायांना उद्या यायला सांगितलं.

रिपोर्ट माझ्या मोबाइलवर येणार आहे, अजून आलेला नाही. दीर रोज दुपारी शाळेत फोन करतात. आला की सांगते, एवढंच म्हणते मी. जावेला फोन द्या म्हटलं, तर ती वेचणीला गेलेली असते.