मामांचे बहुमत

बहुमतावर माझ्या मामांइतकी श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल, आणि वांग्याच्या भरताचा इतका तिटकारा असलेला तर नक्कीच नाही. जळगावच्या एका कापडगिरणीतल्या कामगार संघाचे ते अध्यक्ष. सभेतली सवय ते घरीही घेऊन येत. हिवाळ्यात रोज संध्याकाळी चुलीपुढे उभे राहून विचारीत, भरीत की फुनके-कढी? मामी, दोन्ही मुली आणि त्यांच्याकडेच राहणारा मी भरतासाठी हात वर करायचो. डाळीच्या त्या वाफवलेल्या फुनक्यांना एकटे मामा. मग "मंजूर" म्हणून ते पाटावर बसत आणि तोंड वाकडे करून, पण पोटभर, भरीत खात.

मी त्याच गिरणीच्या कचेरीत कारकून होतो, म्हणजे पगाराने मालकांचा आणि नात्याने मामांचा. त्यामुळे संघाचे फायदे-तोटे मला दोन्ही अंगांनी भोगावे लागले. संघ मालकांच्या किती सोयीचा आहे हे खुद्द मालकांना पटवून देण्याची मामांना भारी हौस. "शेठ, पहिले बठ्ठा गडी तुमना दारवर येत व्हतात. आते मी एकलाच येस, तेबी तुमनं जेवन व्हयनं म्हणजे." सगळ्या गड्यांऐवजी दारात एकच माणूस, हे शेठजींना पटे. पण पूर्वी नुसती भुवई उंचावून माणूस काढता येई, आता कारण सांगावे लागे, हे काही त्यांना मानवत नसे. कामगारांचेही तेच. संघामुळे मुकादमाची शिवीगाळ थांबली, पण दर रविवारी मामांचे भाषण ऐकण्याची पाळी आली. शिवाय कापड विणायच्या साच्यामागे झोपा काढणारा एक गडी होता, त्याच्यासाठीही मामा तितक्याच तावातावाने भांडत. आळशी असला तरी सभासद आहे, असे त्यांचे म्हणणे.

मग असोदा गावाहून पायी येणाऱ्या गड्यांसाठी संप झाला. भोंगा वाजला की फाटक बंद होई आणि वाटेत जरा उशीर झालेल्यांचा दिवस बुडे. संप लांबला, घरोघरी चुली थंडावल्या. अखेर शेठजी नमले. फाटक थोडा वेळ उघडे ठेवू, सगळ्यांना परत घेऊ, फक्त अध्यक्षाला नाही. हा निरोप मीच मामांकडे नेला. इतका वाईट निरोप मी आयुष्यात दुसरा नेला नाही.

मामांनी रीतसर सभा भरवून अट मान्य आहे का, असे विचारले. एकही हात वर झाला नाही. संप चालू ठेवायचा का, म्हणताच मैदानभर हात वर झाले, त्या झोपाळू गड्याचा सर्वांत आधी. मामांनी ते हात एकेक करून मोजले. मग म्हणाले, "मन्हाकरता बठ्ठासनी चूल बंद ठेवानी नही. सकायले भोंगा व्हयना का कामवर जा." आणि तडक शेठजींकडे जाऊन अट मान्य करून आले. बहुमत त्यांनी मोडले ते तेवढे एकदाच.

त्या संध्याकाळी मामांनी चुलीपुढे येऊन काही विचारले नाही. विचारले मामींनी, फुनके-कढी कोणाकोणाला हवी? आमचे सगळ्यांचे हात वर गेले. मामा पाटावर बसले खरे, पण फुनका नुसता कढीत बुडवत राहिले. "आज भरीत पाहिजे व्हतं," एवढेच म्हणाले.

पुढे त्यांना धुळ्याला काम मिळाले आणि तिथेच ते वारले. मला त्यांची फार आठवण येते. हिवाळ्यात आमच्याकडे भरीत झाले की मी थोडी फुनके-कढीही करायला सांगतो. तिला दुसऱ्या कोणाचे मत पडत नाही. मी एकटाच खातो.