शून्य ते दहा व्होल्ट

"तुमच्यात हे चालत न्हाई न्हवं? मग पूजा हुईस्तवर तू भाईर थांब."

खंडेनवमी होती. पलूसजवळच्या आमच्या वर्कशॉपात मशिनं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालून उभी होती. मालकांनी हे सगळ्यांदेखत सांगितलं, जणू माझीच काळजी वाहत होते. मी कुंडलच्या बौद्ध वस्तीतली. पूजा मला नकोच होती. मला माझ्या मशीनजवळ उभं राहायचं होतं, एवढंच.

त्या मशीनला मी माझंच म्हणते. मागं त्या जुन्या सीएनसीचा, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनचा, कंट्रोलर बदलला आणि स्पिंडल, त्यातला फिरणारा दांडा, ऐकेना. नवा कंट्रोलर वेग सांगायचा पल्समध्ये, विजेच्या ठोक्यांत. स्पिंडल फिरवणाऱ्या ड्राइव्हला कळायचे फक्त शून्य ते दहा व्होल्ट. मधे सिग्नल बदलणारं कार्ड मी बसवलं. मीटर लावून त्याचा बारका स्क्रू चार दिवस केसाकेसानं फिरवला. शेवटी स्क्रीनवर जेवढा वेग, तेवढाच स्पिंडलला आला. "लय भारी," मालक मला म्हणाले. गिऱ्हाइकांना मात्र सांगितलं, आमच्या पुतण्यानं केलं.

बाहेर नळाजवळ उभी राहिले. आत आरती, टाळ्या. रोज माझ्या डब्यातली चटणी मागून खाणारी माणसं आत होती. एकानंही मागं वळून पाहिलं नाही. रडू आलं. रडू आल्याचा जास्त राग आला.

दारातून दिसत होतं. पुतण्यानं भक्तीच्या भरात माझ्या मशीनचं पॅनेल उघडलं आणि हळदकुंकवाचं पाणी थेट कार्डावर शिंपडलं. मशीन चालू केलं, तर स्पिंडल कधी सुसाट, कधी ठप्प. मोठं गिऱ्हाईक समोरच उभं.

मालक धावत दारात आले.

"ये गं आत. बघ जरा."

"आता चालतंय व्हय मी?"

"ही येळ हाय का बोलायची?"

"मालक, कार्ड कुणी बसवलं, ते आदी त्या पावण्यांना सांगा."

मालकांनी नुसतं पॅनेलकडं बोट दाखवलं. मी आत गेले. मीटर आणि स्क्रूड्रायव्हर माझे होते, तेवढे उचलले. कुणी थांबवलं नाही, कुणी सोबतही आलं नाही. फाट्यापर्यंत एकटीच चालले.

आता कामासाठी एकटीच गावोगाव फिरते. कुठंही पॅनेल उघडण्याआधी सांगते, मशीनला हात लावणारी मी, तर मशीनपुढं उभी राहणारीही मीच. वर्षाचे सगळे दिवस. खंडेनवमीलासुद्धा.

ज्याला हे जमत नाही, त्यानं आपलं स्पिंडल आपण फिरवावं.