वेळेवर परतलेले

स्वित्झर्लंडमधल्या त्या तळ्याकाठी आम्हाला वीस मिनिटं दिली होती. काठावरचा हिरवा बाक बघून माझी बायको सुलभा म्हणाली, "अहो, जरा टेकूया ना." मी घड्याळ बघितलं. म्हटलं, "बस सुटेल."

परत आलो, तर बसमध्ये ड्रायव्हरशिवाय कुणी नव्हतं. दारातली टूर गाइड कौतुकाने म्हणाली, "काका-काकू नेहमी पहिले!" मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

त्या बसच्या काचा उघडत नाहीत. पाण्यावरचा वारा नुसता दिसत होता. आमच्याच ग्रुपमधलं एक जोडपं त्या बाकावर बसून निवांत संत्रं खात होतं. सुलभा काचेला कपाळ टेकून बघत होती. शाळेच्या घंटेपासून ऑफिसच्या मस्टरपर्यंत मी कधी उशीर केला नाही, आणि तिलाही करू दिला नाही. लग्नकार्यात हात धुतले की आम्ही रिक्षात. एवढा समुद्र ओलांडून आलो आणि बसलो कुठे, तर बंद काचेच्या आतच.

"थांबलो असतो," तिने विचारलं, "तर खरंच सोडून गेले असते का हो आपल्याला?"

तेवढ्यात ते जोडपं हसत, धावत आत चढलं. उशिरा येणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवायच्या, हा आमच्या बसचा रिवाज. सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या.

सुलभा मागे टेकली, तेव्हा तिची टिकली काचेला चिकटून राहिली होती, बरोबर त्या रिकाम्या बाकावर. मग बस हलली.