तारा गेल्यानंतरचा फोटो

फोन आला तेव्हा मशीनवर वाढदिवसाचा फ्लेक्स चालू होता. दहा बाय आठचा, मधोमध गॉगल घातलेले उत्सवमूर्ती आणि खाली बारा शुभेच्छुक. दवाखान्यातून रेखा, म्हणजे माझी बायको, एवढंच म्हणाली, "ताई गेल्या ओ." मी मशीन बंद केलं नाही. अर्धा फ्लेक्स बाहेर आला होता, थांबवला की मधे रेघ उमटते... बाराव्या शुभेच्छुकाचं तोंड पूर्ण होईपर्यंत उभा राहिलो आणि मग शटर ओढलं. सुरू केलेलं काम मधे सोडायचं नाही, हा सुधाताईचाच नियम. तो मी गॉगलवाल्यासाठी पाळला, हे कळलं असतं तर तिने मला जिन्यात गाठलं असतं.

सुधाताई माझी थोरली चुलत बहीण. सोलापुरात एका ज्युनिअर कॉलेजात तिने फिजिक्स शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर एक दुर्बीण घेऊन आमच्या वरच्या मजल्यावर, म्हणजे थेट माझ्या डोक्यावर, राहायला आली. श्रद्धांजलीचे फ्लेक्स छापणं हा माझा धंदा. गावातल्या कितीतरी लोकांना मी निरोप दिलाय, तोही वेळेत. तिचा मात्र छापला नाही. "माझा फोटो चौकात टांगलास तर खाली येऊन फाडीन, विन्या," असं तिने ठणकावून ठेवलं होतं. खाली म्हणजे कुठून, हे विचारायची माझी छाती झाली नाही. म्हणून हा लेख.

ती आल्यापासून गच्ची आमची राहिली नाही. उन्हाळ्यात सगळी गल्ली गच्चीवर पापड-कुरडया घालते, आमच्याकडे बंदी. पिठाची भुकटी भिंगावर बसते म्हणे. रेखा बार्शीकडच्या खेड्यातली, तोंडाची तिखट. "आवो ताई, मग पापड वाळवायचं कुटं? चंद्रावर?" ताई शांतपणे म्हणाली, "चालेल की. तिथे ऊन कडक आहे. फक्त आणायला विन्याला पाठवू नकोस, दुसऱ्याच कुणाचे उचलून आणेल." समोरच्या यंत्रमागांची रुई उडून यायची, रस्त्याची माती यायची, त्यावरून रोज कटकट... आणि एवढं करून हिला बघायची होती ती धूळच! कोट्यवधी प्रकाशवर्षं लांबची. "घरातली झाडायची सोडून," असं मी एकदा म्हणून बसलो आणि तासभर लेक्चर ऐकलं.

त्यातलं मला कळलं ते सांगतो. काही तारे मरताना असे फुटतात की काही आठवडे अख्ख्या दीर्घिकेच्या बरोबरीने लखलखतात. त्याला सुपरनोव्हा म्हणायचं. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं गाव. आता त्या गावचीच धूळ ताऱ्याच्या आणि आपल्या मधे आली की तारा इथून मंद दिसतो, शिवाय लालसर, कारण धूळ निळा उजेड जास्त अडवते. म्हणून एक फोटो निळ्या फिल्टरमधून घ्यायचा, एक पिवळसर फिल्टरमधून, दोन्हींतला फरक मोजून धूळ किती ते काढायचं, आणि मग तारा खरा किती तेजस्वी होता ते सांगायचं. हीच पद्धत ती माणसांनाही लावायची. बारावीत मी नापास झालो तेव्हा घरच्यांनी मला मठ्ठ ठरवून विषय संपवला होता. एकटी ताई म्हणाली, "हा मुळातच मंद आहे की मधे काही आलंय, ते अजून ठरलेलं नाही." मला केवढा धीर आला! पुढे तीस वर्षं मी निकालाची वाट पाहिली. विचारलं की म्हणायची, "निरीक्षणं अपुरी आहेत."

या संशोधनात माझं पद हमालाचं. तिच्या कमरेने दगा दिला होता. संध्याकाळी दुकानातून आलो, चपला काढल्या की वरून हाक, "विन्या, वर ये!" दुर्बिणीवर झाकण म्हणून एका पडलेल्या उमेदवाराचा फ्लेक्स मीच दिला होता, तो काढायचा, वायरी जोडायच्या आणि कशालाही हात न लावता उभं राहायचं. शेंगाचटणी खाल्लेले हात तर तिला जिन्यातूनच ओळखू यायचे.

गेल्या वर्षी होळीच्या सुमारास एका दीर्घिकेत असाच तारा फुटला. परदेशातल्या लोकांनी तो शोधला, हा काही फार तेजस्वी नाही असं म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले. ताईने सोडला नाही. जवळजवळ अडीच महिने आकाश मोकळं असेल त्या प्रत्येक संध्याकाळी तिने निळे-पिवळे फोटो घेतले आणि पुण्याच्या एका संशोधक बाईंना कळवलं, तारा मंद नाही, धुळीत बुडालाय. बाईंना ते पटलं. त्यांच्या शोधनिबंधात ताईची निरीक्षणं घेणार, नावासकट, असं त्यांनी लिहिलं. ताई त्या दिवशी आपणहून खाली येऊन चहा प्यायली. तिला काहीतरी हवं होतं, आणि ते तिला मिळत होतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

आता हे कळल्यावर मी गप्प बसेन का? एक हॉल घेतला, शाल, श्रीफळ, अध्यक्ष, आणि पंधरा फुटी फ्लेक्स: 'सोलापूरच्या सुकन्येने शोधला नवा तारा!' तो तिने शोधलेला नव्हता, नवा नव्हता आणि मुळात मेलेला होता, हे तिने मला हॉलच्या दारातच ऐकवलं. तरी शाल घेतली. मग माईक हातात घेऊन म्हणाली, "मी काढलेला आकडा चुकलाय. आज दुपारी लक्षात आलं. तारा विझत चाललाय, पण माझ्या मोजणीत त्याचं तेज उतरेना. म्हणजे ताऱ्याबरोबर मी मागच्या दीर्घिकेचाही लालसर उजेड मोजत होते, आणि तो लालपणा धुळीच्या नावावर घातला. पुण्याला कळवलंय, माझी निरीक्षणं तूर्त बाजूला ठेवा." शाल घडी करून तिने अध्यक्षांच्या हातात दिली. टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणाला कळेना.

घरी येऊन मी भडकलो. "पुण्याला कळलं नव्हतं, परदेशात कळलं नव्हतं. तुलाच काय घाई होती सांगायची?"

"आधी मला कळलं, हे बरंच झालं की."

"मग कर दुरुस्त!"

"आता होत नाही. तारा पूर्ण जाऊ दे. मग त्याच जागेचा, ताऱ्याशिवायचा फोटो घ्यायचा आणि जुन्या फोटोंतून वजा करायचा. उरेल तो एकटा तारा. वर्ष लागेल."

"इंटरनेटवर त्या दीर्घिकेचे शंभर फोटो पडलेत, ताई!"

"ते त्यांच्या दुर्बिणीचे. माझ्या दुर्बिणीतले दोष माझ्याच दुर्बिणीच्या फोटोतून वजा होतील."

मी पंधरा दिवस तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते लक्षात आलं नाही. पुढच्या थंडीत तिला न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत ती गेली. ती दीर्घिका संध्याकाळच्या आकाशात यायला अजून महिना होता.

तेराव्यानंतर महिनाभराने मी पुन्हा मोठेपणा केला. दुर्बीण तिच्या स्मरणार्थ एका कॉलेजला देऊन टाकली, न्यायला कधी येणार तेही ठरवलं. तेवढ्यात पुण्याच्या बाईंचा फोन. फार हळुवार बोलल्या. निबंध आता पाठवायचाय, ताऱ्याशिवायचा फोटो नाही, तेव्हा सुधाताईंची निरीक्षणं वगळावी लागतील... आणि ओघाने नावही. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. भाकरी थापता थापता रेखाने मान वळवली. "बरं काय? फोटो काढा की. दुर्बीण वर हाय, ती दीर्घिका वर हाय, तुमीच तेवडं खाली बसलाय."

कॉलेजला आठवडाभर थांबायला सांगितलं, बाईंनाही. पहिल्या संध्याकाळी ढग. दुसऱ्या संध्याकाळी मी मोठ्या कष्टाने दहा फोटो काढून पाठवले, उत्तर आलं, "ही दुसरीच दीर्घिका आहे." दुर्बिणीला सुरुवातीला एक ओळखीचा तारा दाखवावा लागतो, तो मी चुकीचा दाखवला होता. दुसऱ्याचे पापड... तिसऱ्या संध्याकाळी बाई फोनवर आणि मी कशालाही भलता हात लावू नये म्हणून रेखा शेजारी, असे मिळून निळे दहा, पिवळे दहा निघाले. पडद्यावर पुसट, तिरकी रेघ, म्हणजे ती दीर्घिका, आणि तिच्या कडेला, जिथे वर्षापूर्वी तारा होता, तिथे काहीच नाही. ते 'काहीच नाही' नीट आलंय ना, हे मी पुन्हा पुन्हा तपासत होतो.

चार दिवसांनी पुण्याहून मेल आला. धूळ ताईच्या पहिल्या आकड्याच्या जवळपास निम्मी निघाली, पण तारा तेजस्वीच होता. निरीक्षणं घेतली, नाव राहिलं. म्हणजे ताईसाहेब चुकल्या होत्या आणि बरोबरही होत्या, आणि हे तोंडावर सांगायला आता वर कुणी नाही... खाली आणखी दोन ओळी होत्या. 'एक बारीक गोष्ट. तुमच्या फोटोंत तारीख या आठवड्याची आहे आणि निरीक्षक म्हणून सुधाताईंचं नाव आहे. तेवढं दुरुस्त करून पाठवाल?'

सुरू होताना कॉम्प्युटर निरीक्षकाचं नाव विचारतो. तिचं नाव तिथे आधीपासून असायचं, मी नुसतं 'ओके' दाबत गेलो होतो. वाटलं, राहू दे. पण तिने न काढलेल्या फोटोवर तिचं नाव! हॉलभर लोकांसमोर शाल परत करणारी बाई ती. वर जाऊन बसलो. वीस फोटो होते. एकेक उघडून तिचं नाव काढलं आणि माझं घातलं. शेवटी चुकून एकविसावा उघडला. गेल्या वर्षीचा होता. ताऱ्यासकट. खाली निरीक्षक, सुधा. त्याला हात लावला नाही.